मुहूर्त आणि मुदत : व्हिएतनामी मुलीशी लग्न ठरल्यापासून अक्षता पडेपर्यंत

"मुलगी कुठली?" या प्रश्नाला मी "बेन त्रेची" असं उत्तर दिलं, तेव्हा श्रीवर्धनच्या आमच्या घरात कुणालाच काही उलगडा झाला नाही. मग सांगितलं, मेकाँग नदीच्या मुखाकडचा नारळाचा मुलूख आहे, जिकडे बघावं तिकडे माड, पाणी आणि होड्या. "म्हणजे आपल्यासारखंच की," असं म्हणून आईने विषय तिच्यापुरता मिटवला. माझ्यापुरता तो मिटायला पुढे नऊ महिने लागले.

मी हो ची मिन्ह सिटीत नोकरीला आहे. २०२५ च्या जुलैत लग्न ठरलं, २०२६ च्या मार्चअखेरीस झालं. मधल्या काळात जे ठेचा खाऊन कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. आमचं गणित असं: मुलगा भारतीय, मुलगी दक्षिण व्हिएतनामची, दोघांचंही पहिलंच लग्न. आधीचा घटस्फोट असेल तर त्याच्या कागदांची भर पडते. मुलगी भारतीय आणि मुलगा व्हिएतनामी असेल तर कागद हेच, मानपान तेवढा उलटा.

या लग्नात दोन कॅलेंडरं एकाच वेळी चालतात. एक सासरच्या भिंतीवरचं चांद्र पंचांग, त्यावर मुहूर्त. दुसरं सरकारी, त्यावर कागदांची मुदत. दोन्ही जुळली की काम सोपं, नाही जुळली की कागद पुन्हा. माझे पुन्हा करावे लागले.

आधी पंचांग विचारा, मग तहसीलला जा

लग्न ठरल्याच्या आनंदात मी सुट्टीवर घरी आलो तेव्हाच अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र करून टाकलं. शिक्के मारून आणले, फाइल केली, स्वतःवर खूश झालो. परत गेल्यावर होणाऱ्या सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, यंदा नाही. यंदा किम लाउ आहे.

किम लाउ म्हणजे मुलीच्या वयाचा दोष. हिशोब सोपा आहे. वय त्यांच्या पद्धतीने मोजायचं: जन्मताच एक वर्ष, आणि प्रत्येक तेतला, म्हणजे चांद्र नववर्षाला, आणखी एक. येणाऱ्या आकड्याला नवाने भागायचं. बाकी १, ३, ६ किंवा ८ उरली तर त्या वर्षी मुलीचं लग्न करत नाहीत. हिचा जन्म १९९६ चा, म्हणजे २०२५ मध्ये वय ३०, बाकी ३. किम लाउ. २०२६ चं तेत १७ फेब्रुवारीला, त्यानंतर वय ३१, बाकी ४. मोकळं. काही घरांत दोष फक्त वरातीला लावतात, सरकारी सहीला नाही. आमच्या सासूबाईंचं मत पडलं की सही म्हणजेही लग्नच. तिथे वाद घालू नका. आपल्याकडे पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून किती जणांनी काय काय ऐकून घेतलं आहे ते आठवा.

वर्षांच्या प्राण्यांचीही जुळणी पाहतात. मी १९९२ चा, माकड, ती उंदीर. या दोघांचं ड्रॅगनसकट त्रिकूट शुभ मानतात, त्यामुळे तिथे गुण मिळाले. वाघ, माकड, साप, डुक्कर ही चौकडी एकमेकांना वर्ज्य. त्यांच्या बारा प्राण्यांत सशाच्या जागी मांजर आणि बैलाच्या जागी म्हैस आहे, तेव्हा स्वतःचं वर्ष चिनी तक्त्यावरून सांगायला जाऊ नका, हसतात.

चांद्र सातवा महिना पूर्ण टाळायचा. त्याला को होन म्हणतात, अतृप्त आत्म्यांचा महिना. साखरपुडा नाही, घरखरेदी नाही, सोनं नाही. आपला पितृपक्षच, फक्त महिनाभर लांबवलेला. २०२५ मध्ये गंमत अशी झाली की त्यांचा अधिक महिना, न्हुआन, त्या वर्षी आला आणि आपला आला नाही, त्यामुळे २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी नेमकी त्यांच्या सातव्या महिन्यात पडली. इकडे आई विचारतेय, गणपतीसमोर साखरपुड्याचं बोलून घ्यायचं का. तिकडे महिनाभर तोंडातून लग्नाचा ल काढायची सोय नाही. मी दोघींना दोन वेगळी कारणं सांगून वेळ मारून नेली.

तात्पर्य, तारीख मिळेपर्यंत एकही कागद काढू नका. अविवाहित असल्याच्या दाखल्यावर मुदत लिहिलेली नसेल तर तो दिल्या तारखेपासून सहा महिनेच धरतात. माझा जुलैचा दाखला जानेवारीत मेला.

कागदांची साखळी

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला शिळा आहे, त्याला कारण आहे. परदेशी माणसाशी लग्नाची नोंदणी पूर्वी प्रांताच्या न्याय विभागात व्हायची. २०१६ पासून ती जिल्हा पातळीवर आली. १ जुलै २०२५ ला व्हिएतनामने जिल्हा ही पायरीच काढून टाकली आणि ६३ प्रांतांचे ३४ केले. आता नोंदणी वॉर्ड किंवा गावपातळीच्या लोकसमितीत होते. लोक तिला नुसतं "उय बान" म्हणतात. हिच्या ओळखपत्रावर बेन त्रे प्रांत, पण तो आता विन्ह लाँगमध्ये विलीन झालेला. जुनं ओळखपत्र चालतं, घाबरू नका. फक्त अर्जावर पत्ता नव्या रचनेनुसार लिहा आणि जुना पत्ता शेजारी ठेवा.

वयाची अट मुलाला २० आणि मुलीला १८. तुमच्याकडून लागतं ते हे: दोघांचा मिळून एक अर्ज, पासपोर्टची प्रत, अविवाहित असल्याचा दाखला आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र. यादी एवढीच. सगळा घाम दाखल्यासाठी गाळावा लागतो.

दाखला दोन वाटांनी मिळतो. भारतातून काढायचा तर आधी प्रतिज्ञापत्र, त्यावर राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि शेवटी व्हिएतनामच्या दूतावासाचा किंवा मुंबईतल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासाचा. माझ्या वेळी भारताचा अपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून मारतात तो आंतरराष्ट्रीय शिक्का) एकटा चालत नव्हता, व्हिएतनामी शिक्का लागायचाच. दुसरी वाट म्हणजे हो ची मिन्ह सिटीतला भारतीय वाणिज्य दूतावास किंवा हनोईतला दूतावास. तिथून मिळालेला कागद मग व्हिएतनामच्या परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित करून घ्यायचा. दुसऱ्या खेपेला मी हीच वाट धरली. शहर न सोडता काम झालं. इथे राहत असाल तर पहिल्यांदाच इकडे जा.

शिक्के झाल्यावर व्हिएतनामी भाषांतर आणि त्यावर नोटरी. क्रम उलटा करू नका. आधी भाषांतर करून मग मूळ कागदावर शिक्का घेतला, तर भाषांतरात तो शिक्का नसतो आणि खिडकीवरची बाई कागद परत सरकवते. भाषांतराचे तीन संच करून ठेवा, पुढे व्हिसाला कामी येतात. आणि कुठलाही मूळ कागद लॅमिनेट करू नका. वर्क परमिटच्या वेळी माझी पदवी बाबांनी प्रेमाने प्लॅस्टिकमध्ये घातलेली निघाली. शिक्का प्लॅस्टिकवर मारत नाहीत, विद्यापीठातून नवी काढावी लागली.

मानसिक आरोग्याच्या प्रमाणपत्राचं ऐकून आमच्या मित्रमंडळीत बरेच विनोद झाले. प्रत्यक्षात अर्ध्या तासाचं काम. तुम्हाला स्वतःच्या वागण्याचं भान आहे एवढंच डॉक्टरांना लिहून द्यायचं असतं. मला वार विचारला, शहर विचारलं, मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी मनात मराठीत मोजून व्हिएतनामीत बोलत होतो, त्यामुळे प्रत्येक आकड्याला वेळ लागला. डॉक्टर थांबले, काहीतरी लिहिलं. हिने बाहेरून डोकावून सांगितलं, "त्याची भाषा हळू आहे, डोकं नाही." हे प्रमाणपत्रही सहा महिन्यांचंच, तेव्हा अर्जाच्या जेमतेम महिनाभर आधी काढा.

तेतच्या सुट्टीत आठवडाभर कचेऱ्या बंद असतात आणि त्याआधीचे दहा दिवस कुणाचं मन कामात नसतं. आम्ही अर्ज मुद्दाम तेतनंतर दिला.

तुमच्या नावाचं काय होतं

यावर वेगळं लिहितो, कारण मराठी माणसाचं इथेच अडतं. व्हिएतनामी अर्जात आडनाव, मधलं नाव, नाव असा क्रम असतो. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यांच्या मधल्या नावाचा वडिलांशी संबंध नसतो, आपल्या मधल्या नावात वडील उभे असतात. भाषांतरकाराने माझ्या वडिलांचं नाव माझं मधलं नाव म्हणून घातलं, ते ठीक. पण पुढच्या कागदावर तेच गळलं, आणि दोन कागदांवर दोन माणसं तयार झाली. पासपोर्टवर जो क्रम आणि जी अक्षरं आहेत, तीच सगळीकडे. "ज्ञ" किंवा "क्ष" नावात असेल तर दहावीच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरं असण्याची दाट शक्यता. भाषांतराला बसण्याआधी नाव एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि छापण्याआधी स्वतः वाचा.

व्हिएतनामी बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. आत्याने लग्नाआधीच हिचं नवं नाव ठरवून ठेवलं होतं. घरात काय हाक मारायची ती मारा, कागदावर बदल करू नका. हिच्या पासपोर्टवर जे आहे तेच भारताच्या प्रत्येक अर्जात जाऊ द्या.

रात्रीचा मुक्काम आणि सफेद चपला

नोकरी असेल तर वर्क परमिट आणि तात्पुरतं निवासकार्ड असतंच. नसेल तर ई-व्हिसा ९० दिवसांचा मिळतो, ऑगस्ट २०२३ पासून अनेकदा ये-जा करता येईल असाही. माझे आई-बाबा त्यावरच आले.

पण खरी काळजी घ्यायची ती मुक्कामाची. परदेशी माणूस रात्री कुठेही राहिला की घरमालकाने १२ तासांच्या आत स्थानिक पोलिसांना कळवायचं असतं. भाड्याच्या घरात मालक एकदा करतो आणि आपण विसरतो. सासुरवाडीला गेलात की सासरे हे मालक, आणि नाही कळवलं तर दंड त्यांना. पहिल्या मुक्कामात मला हे ठाऊक नव्हतं. रात्री आठला साध्या शर्टातला, पायात सफेद रबरी चपला घातलेला एक तरुण स्कूटरवरून आला, अंगणात बसला, शहाळं प्यायला, माझ्या पासपोर्टचा फोटो काढला आणि निघाला. मला वाटलं हिचा भाऊबंद. तो गावचा पोलिस होता. आता मी निघण्याआधीच पासपोर्टच्या पानाचा आणि व्हिसाचा फोटो सासऱ्यांना पाठवून ठेवतो. नुसत्या या एका सवयीने जेवढी किंमत वाढली तेवढी कुठल्याही भेटवस्तूने वाढली नाही.

शहरातून बेन त्रे साधारण ८५ किलोमीटर. शनिवारी दुपारी निघालात तर गर्दीत अडकाल. सकाळी सहाला निघा. घरात शिरल्यावर आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर जाऊन उदबत्ती, मग खुर्ची. फळं नेली असतील तर तीही आधी तिथेच. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात. जेवायला बसल्यावर घरातल्या सगळ्यांत लहानाने मोठ्यांना एकेक करून "जेवा" म्हणायचं असतं. दक्षिणेत हे फार कडक पाळत नाहीत, पण परदेशी जावयाने पाळलं की म्हाताऱ्या विरघळतात. भाताच्या वाटीत काड्या उभ्या रोवू नका, ते मेलेल्यासाठी.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: "आन चाय". चहाशी संबंध नाही; चाय म्हणजे शाकाहार. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला कित्येक लोक चाय खातात, त्यामुळे "मी मांस खात नाही" म्हटल्यावर जे बुचकळ्यात पडतात तेच "मी चाय खातो" म्हटल्यावर आदराने बघतात. मात्र नुक माम, म्हणजे माशाचं पाणी, भाजीतही असतं, ते आधी विचारा. मी मासे खाणारा, त्यामुळे सुटलो. सुकटीच्या वासावर वाढलेल्या माणसाला नुक मामची भीती कसली.

घरच्यांशी बोलण्याची वेळही ठरवून घ्या. इथलं घड्याळ दीड तास पुढे. श्रीवर्धनला रात्रीची जेवणं उरकून साडेनऊला फोन आला की इथे अकरा वाजलेले असतात आणि गल्ली झोपलेली असते. त्या फोनवर पहिले दोन महिने काका लोकांचा एकच प्रश्न असायचा: व्हिएतनामने महाराजांचा गनिमी कावा वापरून अमेरिकेला हरवलं, तर महाराजांचा पुतळा कुठे आहे? ते फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. मला इथे तसला पुतळा कुठे दिसला नाही.

नातं कळल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही

व्हिएतनामीत "मी" आणि "तू" असे मोकळे शब्द रोजच्या बोलण्यात जवळजवळ नाहीत. समोरचा आपला कोण लागतो त्यावर दोन्ही ठरतात. ती मला आन्ह म्हणते, दादा. मी तिला एम. सासू-सासऱ्यांसमोर मी कॉन, म्हणजे लेकरू. ते दक्षिणेत बा आणि मा. इंग्रजीतून भाषा शिकणारे गोरे सहकारी इथे गटांगळ्या खातात, कारण त्यांचा अंकल एकच. आपल्याला हे घरचं आहे. कउ म्हणजे मामा, त्याची बायको मो म्हणजे मामी. यी म्हणजे मावशी, को म्हणजे आत्या, चू म्हणजे धाकटा काका, बाक म्हणजे थोरला. मराठीतून थेट पाठ करा, मध्ये इंग्रजी आणू नका.

त्यावर एक खास दक्षिणी भानगड. थोरल्या मुलाला "दोन नंबर" म्हणतात, हाय. पुढचा बा म्हणजे तीन, मग तू म्हणजे चार, आणि शेंडेफळ ऊत. त्यामुळे "कउ तू" म्हणजे भावंडांत चौथा नव्हे, तिसरा असलेला मामा. माणसांना त्यांच्या नावाने फारसं कुणी हाकच मारत नाही. मी पहिल्या भेटीआधी वहीवर वंशावळ काढली, हिच्याकडून प्रत्येकापुढे हाक लिहून घेतली, आणि बसमध्ये घोकत गेलो. बाराखडी म्हणावी तसं. भाषेच्या क्लासला जेवढे पैसे घातले त्याहून या एका पानाचा उपयोग जास्त झाला.

दोन "यो"

सासरच्या घरी वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस तेत, आणि त्याच्या खालोखाल यो. यो म्हणजे श्राद्ध: आजोबांचं, पणजीचं, ज्याचं त्याचं, आणि आपल्यासारखंच तिथीने, इंग्रजी तारखेने नाही. लग्न ठरलेल्या जावयाने त्याला हजर राहायचं असतं. नातेवाईक तिथेच तुम्हाला पहिल्यांदा तपासतात. लग्न ठरताच घरातल्या श्राद्धांच्या तिथी मागून घ्या, त्या वर्षाच्या तारखांत बदलून फोनमध्ये टाका, आणि रजा आत्ताच मांडा.

माझा घोटाळा असा झाला. दक्षिणेत पेला उंचावताना ओरडतात, "मोत, हाय, बा, यो!" एक, दोन, तीन, प्या. हा यो आणि श्राद्धाचा यो कानाला एकच. फरक फक्त सुराचा. एक सपाट, दुसरा खाली जाऊन वर वळणारा. पहिल्या श्राद्धाला गेलो, देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावली, आणि सासऱ्यांना नम्रपणे म्हणालो की आजोबांच्या योला यायला मिळालं याचा आनंद आहे. सूर सपाट पडला. कउ तू मामाने तत्काळ पेला उचलला.

पुढे मात्र खरंच पेले उचलले जातातच, श्राद्ध असलं तरी. पीत नसाल तर पहिल्याच भेटीत सांगा आणि कायम तेच सांगा. दुसऱ्या भेटीत एक घेतला की तिसऱ्या भेटीत सुटका नाही. पीत असाल तर दुचाकीला हात लावू नका. २०२० पासून इथे दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा शून्य आहे, एक बिअरसुद्धा नाही.

सहीचा दिवस

अर्ज पूर्ण असेल तर पडताळणीला कायद्याने १५ दिवस. सहीला दोघांनीही स्वतः हजर राहायचं. मुखत्यारपत्र चालत नाही. आमचा कार्यक्रम पंधरा मिनिटांचा. अधिकारी बाईंनी विचारलं, स्वखुशीने करताय ना? मग नोंदवहीत आणि दाखल्यावर सह्या. सही पासपोर्टवरच्यासारखी करा. मी उत्साहात मराठीत करणार होतो, हिने कोपर मारलं. दाखल्याच्या मूळ प्रती दोन मिळतात, एक त्याची, एक तिची. त्याच वेळी नोंदवहीचे प्रमाणित उतारे पाच-सहा मागून घ्या. मूळ प्रत कुठल्याही खिडकीत सोडू नका.

कायद्याच्या दृष्टीने लग्नाची तारीख हीच. यापुढे भारतात, व्हिएतनामात, कुठल्याही अर्जावर हीच तारीख लिहा, अक्षता कुठल्याही दिवशी पडोत.

डबे, सुपारी, सोनं

आमच्याकडचे लोक लांबून येणार म्हणून डाम हॉय, म्हणजे साखरपुडा, आणि लग्न एकाच आठवड्यात केलं. इथली बरीच कुटुंबं आता असं मान्य करतात.

साखरपुड्याला मुलाकडच्यांनी लाल डबे न्यायचे, त्यांना मम क्वा म्हणतात. दक्षिणेत डब्यांची संख्या सम, सहा किंवा आठ. उत्तरेत ताटं विषम आणि आतल्या वस्तू सम. आमच्या आत्याला सम आकडा पटेना. तिच्या हिशोबी शुभ म्हणजे पाच, अकरा, एकवीस. शेवटी डबे सहा, आणि आत्याने स्वतःच्या समाधानासाठी हिच्या ओटीत पाच फळं घातली. डब्यांत विड्याची पानं आणि सुपारी, चहा आणि मद्य, केक, फळं, चिकट भात, भाजलेलं डुक्कर असा साधारण ऐवज. बाबांनी डुकराच्या डब्याकडे बघणं शिताफीने टाळलं. तुमच्या घरी अडचण असेल तर आधी बोला, बदलून देतात. ऐन दारात तोंड वाकडं करू नका.

डबे अविवाहित मुलांनी वाहायचे आणि तितक्याच अविवाहित मुलींनी घ्यायचे. सहा अविवाहित मित्र गोळा करणं हे माझ्या वयाला दाखल्याइतकंच अवघड गेलं. एक कोल्हापूरचा, एक नाशिकचा, एक तमिळ, तीन हिच्या ऑफिसातले. सगळ्यांना भाड्याचे लाल आओ याय, म्हणजे तिकडचा लांब पारंपरिक पोशाख. कोल्हापूरकराच्या मापाचा काही मिळाला नाही, त्याची बटणं शेवटपर्यंत उघडीच होती.

सगळ्यांत पहिला मान सुपारीचा. "पानाचा विडा हा बोलण्याचा आरंभ" अशी त्यांची म्हणच आहे, आणि सुपारीचं झाड, त्यावर चढलेला पानवेल आणि चुनखडीचा दगड हे मुळात दोन भाऊ आणि एकाची बायको होती अशी लोककथा. सुपारी सुकलेली नाही. हिरव्या, साल असलेल्या सुपाऱ्यांचा अखंड घड, बहुधा १०५ नगांचा मोजून घेतलेला. आईने श्रीवर्धनी रोठा आणला होता. सासूबाईंनी तो हातात घेऊन वास घेतला, हसल्या, आणि घडाशेजारी देव्हाऱ्यावर ठेवला.

सगळं उरकल्यावर मुलीकडचे डब्यांतला काही भाग परत देतात, त्याला लाय क्वा म्हणतात. डबा परत येतो तेव्हा झाकण उलटं ठेवलेलं असतं. त्या वेळी सुपारीला सुरी लावत नाहीत, अडकित्ताही नाही; घडातून हाताने ओढून तोडतात. तो कटकट आवाज ऐकून बाबा पुटपुटले, "फुटली बाबा एकदाची सुपारी."

सोन्याचं माप समजून घ्या, नाहीतर दुकानात गोंधळ होतो. इथे ची चालतो, ३.७५ ग्रॅमचा, दहा ची म्हणजे एक "काय", हेही मापाचंच नाव. आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे तीन चीला थोडा जास्त. सासऱ्यांनी "दोन ची" म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर दोन तोळे उमटले होते. वधूमूल्याची एक रक्कमही मुलाकडून देतात, ती हिच्यामार्फत आधीच ठरवून घ्या. बहुतेकदा ती नवऱ्या मुलीकडेच येते.

रंगाबद्दल सावध राहा. पांढरं फडकं इथे सुतकाचं. घरात मयत झालं की डोक्याला पांढरी पट्टी बांधतात. आमचा अंतरपाट पांढरा, तो पाहून आजी दचकल्या. तो उलगडल्यावर त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक दिसलं, त्यांच्या बुद्धमूर्तीच्या छातीवर असतं तसंच. "वान!" (स्वस्तिकाला त्यांचा शब्द) म्हणून त्यांनी स्वतःच कडा पकडली. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचं मात्र मला दोनदा समजावून सांगावं लागलं: दृष्ट लागू नये म्हणून.

लग्नाच्या जेवणावळीत दहा माणसांची टेबलं. पत्रिकेवर साडेपाच म्हणजे सातच्या आसपास सुरू. दाराशी पेटी ठेवलेली असते, तीत आहेराचं पाकीट टाकायचं, वर स्वतःचं नाव. रात्री सासरी सगळे गोल करून बसले, एकाने पाकीट फोडायचं, एकाने वाचायचं, एकाने वहीत लिहायचं. आई म्हणाली, "हे तर आपलंच." फक्त एक रुपया वर घालत नाहीत.

पुढची घडी

लग्नानंतर नवऱ्याला किंवा बायकोला तीन वर्षांपर्यंतचं निवासकार्ड मिळू शकतं, किंवा पाच वर्षांपर्यंतची व्हिसामाफी, ज्यावर प्रत्येक वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. इथेच राहणार असाल तर कार्ड घ्या, येऊन-जाऊन असाल तर माफी. व्हिएतनामी माणसाशी लग्न करून इथे राहणाऱ्याला वर्क परमिट लागत नाही. कंपनीने सरकारला कळवण्याचं काम मात्र उरतंच.

भारताच्या बाजूने, परदेशात तिथल्या कायद्याने झालेलं लग्न १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली भारतीय दूतावासात नोंदवता येतं. लगोलग करून घ्या. हिला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ ये-जा करू देणारं) हवं तर लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झालेली लागतात. तोवर व्हिसा.

राहिला तो श्रीवर्धनचा विधी. सासरच्यांना मेअखेरची सुट्टी सोयीची होती. भटजींनी पंचांग उघडून सांगितलं, १७ मेपासून अधिक ज्येष्ठ, १५ जूनपर्यंत काही नाही. आता हे तिकडे कसं सांगायचं या विचारात मी दोन दिवस काढले. शेवटी फोनवर सासूबाईंना म्हटलं, मा, आमच्याकडे यंदा एक महिना दोनदा येतो, त्यात लग्न करत नाहीत. पलीकडून क्षणभर काही आवाज नाही. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "आ, न्हुआन!" आणि मागे सासऱ्यांना हाक मारून भिंतीवरचं कॅलेंडर काढायला सांगितलं.